आपुलकीच्या झाडाखाली

शाळेत शिरल्यावर समोरच्याच भिंतीवर एक झाड होते. खोड तपकिरी ऑइलपेंटने रंगवलेले, फांद्या जाड पुठ्ठ्याच्या, आणि त्यांवर हिरव्या कागदाची पाने डिंकाने चिकटवलेली. रंग संस्थेच्या अध्यक्षांच्या कारखान्यातून फुकट आला होता, त्यामुळे खोड गरजेपेक्षा बरेच जाड झाले होते. वर कमानीसारखे लिहिले होते, ‘आपुलकीचे झाड’. ज्या शाळेला आपुलकी भिंतीवर चिकटवून ठेवावी लागते तिच्याविषयी जे समजायचे ते मला तिथेच समजायला हवे होते. समजले नाही. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी मनात म्हणालो, वा, छान आहे. वळणदार अक्षर दिसले की माझी अक्कल गहाण पडते.

माझी नात भिंगरी त्या शाळेत चौथीत होती. भिंगरी हे घरातले नाव. एका जागी बसत नाही म्हणून तिच्या आईने ठेवलेले, ते पुढे शाळेनेही उचलले. तिला वाचता येत नाही असे नाही. अक्षरे तिच्यापुढे शिस्तीत उभी राहत नाहीत, एवढेच. घ आणि ध जागा बदलतात, वेलांटी शेजारच्या अक्षराच्या घरात शिरते, आणि एका ओळीवरून दुसरीवर उतरताना तिची वाट चुकते. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिले आहे. डोके चांगले आहे, वाचायला वेळ जास्त लागतो, एवढाच त्या नावाचा अर्थ. पण नाव जितके लांब तितके ते शाळेच्या डोक्यावरून जाते.

आधीच्या वर्षी मुले तिला ‘ढ’ म्हणत. कोणी ‘उलटी खोपडी’ म्हणत. भिंगरी त्यांना ढकलत असे. एकदा तिने एका मुलाचा ओठ फोडला, आणि तेव्हा कुठे शाळेला या प्रश्नाचे गांभीर्य कळले. तिला वर्षभर शिव्या मिळत होत्या तोवर प्रश्न नव्हता. ओठ फुटला तो शुल्क वेळेवर भरणाऱ्या एका घरातला होता. मग शाळेने एक समुपदेशक नेमला. तो तरुण माणूस इतके हळू आणि इतके मऊ बोलत असे, की मुलांनी त्याचे नाव हळूसर ठेवले. आपुलकीचे झाड हे हळूसरांचे अपत्य.

योजना अशी होती. ज्या मुलांना शिकायला त्रास होतो ती ‘विशेष मित्र’. विशेष मित्राला मदत केली की एक पान. पानावर मदत करणाऱ्याचे नाव आणि केलेली मदत लिहायची, आणि बाईंनी ते झाडावर चिकटवायचे. वर्षाअखेर ज्याची पाने सर्वांत जास्त तो ‘आपुलकीरत्न’. भिंगरीच्या वर्गात विशेष मित्र एकटी भिंगरी. म्हणजे आख्ख्या वर्गाची आपुलकी तिच्या एकटीच्या अंगावर पडली. एका म्हशीवर सगळ्या गावाचे दूध.

माझ्याविषयी थोडेसे सांगायला हवे, नाहीतर पुढचे कळणार नाही. मी जन्मभर एका ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसलो. डोक्यावर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती, आणि ती मी इतक्या मनोभावे पाळली की निवृत्तीच्या निरोपसमारंभात चार वाक्ये बोलायला उठलो आणि ‘आभार’ एवढे म्हणून खाली बसलो. लोकांना वाटले, मला गहिवरून आले. मला घाम आला होता. आता मी मुलीकडे राहतो. जावई बोटीवर असतात, मुलगी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत असते, आणि भिंगरीला शाळेतून आणणे हे माझे काम.

एक दिवस घरी येताना ती म्हणाली, “आबा, माझ्या बुटाच्या लेस कापून टाकतोस?”

“का गं?”

“लेसच नसली की कोणी सोडणार नाही.”

“सोडतं कोण?”

“ज्याला बांधायची असते तो.”

मी थांबलो. परीक्षेच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा ग्रंथालयात उगवणाऱ्या विद्यार्थ्याकडे मी जसा बघायचो, तशी ती माझ्याकडे बघत होती.

“अरे आबा, सुटल्याशिवाय बांधणार कशी? आणि बांधली नाही तर पान कसं मिळणार?”

“सगळेच असं करतात?”

“लेसवाले वेगळे, पेटीवाले वेगळे. पेटीवाले माझी कंपासपेटी लपवतात, मग शोधून देतात. शोधून दिल्याचं पान लवकर चिकटतं.”

“बाईंना सांगितलंस का?”

“सांगितलं. त्या म्हणाल्या, अगं, तुला मदत करतायत ना, थँक्यू म्हणावं.” ती रस्त्यातला एक खडा पायाने ढकलत चालली होती. “मागच्या वर्षी बरं होतं. ढ म्हणाले की मी ढकलायची. आता ढकललं तर मीच वाईट. ते मदत करतायत ना.”

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. आणि वर मार देणाऱ्याला हिरवे पान.

मी लहान मुलांच्या बोलण्यावर पटकन विश्वास ठेवत नाही. मोठ्यांच्याही ठेवत नाही, आणि स्वतःच्या तर मुळीच नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या आधीच जाऊन फाटकाशी उभा राहिलो. भिंगरी जिन्याच्या तळाशी आली. तिच्या एका बाजूला वर्गाची मॉनिटर होती, उंच, दोन घट्ट वेण्यांची, वक्तृत्वात दरवर्षी पहिली येणारी. दुसऱ्या बाजूला चष्मा लावलेली एक बुटकी मुलगी. दोघींनी भिंगरीचे दप्तर धरले होते, आणि मधे भिंगरी ते दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून उभी होती.

“आज दप्तर माझं,” मॉनिटर म्हणाली.

“काल तू जिना घेतलास. दप्तर मला सोडलं होतंस.”

“जिना घेतला की दप्तर त्यात येतं.”

“नाही येत. दप्तराचं पान वेगळं असतं. बाईंना विचार.”

“तुझी किती पानं आहेत गं? आणि माझ्याशी भांडतेस.”

भिंगरीला कोणी काही विचारत नव्हते. बैलाच्या बाजारात बैलाला विचारत नाहीत.

मी मुख्याध्यापिकांना भेटायला गेलो. जाण्यापूर्वी काय बोलायचे ते घरी आरशासमोर म्हणून पाहिले होते. आरशासमोर मी फार बाणेदार आहे. मुख्याध्यापिकांच्या खोलीत काचेचे टेबल होते, कपाटात ढाली आणि करंडक होते, कोपऱ्यात प्लॅस्टिकचे रोप होते आणि त्यावर धूळ होती. हळूसरही आले. ते आले की खोलीत कोणीतरी आजारी असल्यासारखे वाटे.

“या काका, बसा,” बाई म्हणाल्या. “भिंगरी म्हणजे आमची स्टार आहे. आता आमच्या शाळेत तो शब्द ऐकू येत नाही.”

“कोणता?”

त्यांनी दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. “ढ.” जणू मी त्यांना शिवी द्यायला लावली.

“झाडावर सर्वांत जास्त पानं भिंगरीला केलेल्या मदतीची आहेत,” हळूसर म्हणाले. त्यांच्या लॅपटॉपवर एक आलेख होता. रेघ चढत चढत वर गेली होती आणि चौकटीच्या बाहेर निघून गेली होती. ते त्या रेघेकडे फार प्रेमाने बघत होते.

“पण मुलं तिची लेस आधी सोडतात,” मी म्हणालो. आरशासमोर हे वाक्य बरेच मोठे होते.

“तुम्ही याकडे नकारात्मक बघू नका, काका. ती सहभागाची ओढ आहे.”

“तिला लेस बांधता येते.”

“हो? केव्हापासून?”

“बालवाडीपासून. हळू बांधते, पण बांधते.”

“तेच तर,” हळूसर म्हणाले, “हळू. तिथेच मदतीची जागा निर्माण होते.”

हा माणूस स्वतः एक वाक्य संपवायला अर्धा तास घेत होता. त्याच्या तोंडातले शब्द त्याच्या आधी कोणी ओढून काढत नव्हते, कारण तो मोठा होता आणि पगारी होता. हे मी मनात म्हणालो. मनात मी फार लोकांना गप्प केले आहे.

“तिच्यातला सुप्त गुण कोणता, ते आम्ही अजून शोधतोय,” ते पुढे म्हणाले. “अशा मुलांमध्ये काहीतरी असतंच. चित्रकला? गाणं?”

“चित्र वाईट काढते. गाणं त्याहून वाईट.”

“काहीतरी असेलच.”

“चिडते छान.”

त्यांनी ते टिपून घेतले. मला उलटे दिसत होते, तरी वाचता आले: ‘भावना मोकळेपणाने व्यक्त करते.’

या लोकांना साधे मूल चालत नाही. वाचायला वेळ लागणारे मूल असेल तर त्याच्या आत एखादा कलावंत दडलेला पाहिजे, म्हणजे मग त्याच्याशी माणसासारखे वागायला निमित्त मिळते. भिंगरीच्या आत कोणी दडलेले नाही. ती बाहेर दिसते तेवढीच आहे, आणि तेवढी पुरे आहे.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, “काका, एक विनंती होती. पुढच्या आठवड्यात आपुलकी दिन आहे. अध्यक्ष येणार आहेत, बाहेरच्या शाळांचे मुख्याध्यापक आपलं झाड बघायला येणार आहेत. झाड स्टेजवर नेणार आहोत. पालकांतर्फे चार शब्द तुम्ही बोला. तुम्ही ग्रंथालयातले, तुम्हाला शब्दांचा काय तोटा.”

आणि मी म्हणालो, “बरं.”

तक्रार करायला गेलेला माणूस आभार मानण्याचे कंत्राट घेऊन परत आला. उतरताना जिन्यात प्लॅस्टिकचे दुसरे रोप होते. त्याच्यात आणि माझ्यात ताठपणा त्याच्याकडे जास्त होता.

घरी मुलीने विचारले, “काय म्हणाले, बाबा?”

“भाषण करायला सांगितलं.”

“तुम्हाला?” ती हातातले भांडे तसेच धरून उभी राहिली. “कशावर?”

“आभार मानायचे आहेत.”

ती हसली नाही. हसली असती तर बरे वाटले असते. मागच्या वर्षी ती शाळेत जाऊन भांडली होती, तेव्हा भिंगरीच्या कागदपत्रांत ‘आई तापट’ अशी नोंद झाली. त्याआधी एक शाळा बदलून झाली होती. त्या शाळेत भिंतीवर झाड नव्हते, पण भिंतीकडे तोंड करून उभे करत.

भिंगरी टेबलाखाली बसून पेन्सिलीला टोक काढत होती. तिथूनच ती म्हणाली, “आबा, त्या दिवशी मला स्टेजवर झाडाखाली उभं करणार आहेत. मॉनिटरला सोन्याच्या कागदाचं पान मिळणार. ते मी तिच्या फ्रॉकला लावायचं, आणि माइकवर सांगायचं, हिने मला काय काय मदत केली. बाई माझ्याकडून पाठ करून घेतायत.”

“मग?”

“मी नाही उभी राहणार. उभं केलं तर शाळेत परत जाणार नाही. कधीच.” टोक मोडले. तिने पुन्हा काढायला घेतले. “आई, तू ओरडलीस तरी नाही.”

तिची आई ओरडली नाही. भिंगरी असे सहसा बोलत नाही. रागावली की ती आवाज चढवते. त्या दिवशी चढवला नाही.

“तुला उभं करणार नाहीत,” मी म्हणालो.

“कोण सांगणार त्यांना?”

“मी.”

मायलेकींनी एकदमच माझ्याकडे पाहिले, आणि दोघींनाही माझी दया आली.

मी भाषण लिहायला बसलो. ‘शाळेच्या स्तुत्य उपक्रमाबद्दल मनःपूर्वक’ असे लिहिले आणि फाडले. ‘काही नम्र सूचना’ असे लिहिले आणि तेही फाडले. भिंगरी शेजारी उभी राहून वाचू पाहत होती. थोड्या वेळाने म्हणाली, “तू फार गोल गोल लिहितोस. मी सांगते, तू लिही.” ती येरझाऱ्या घालत सांगत गेली आणि मी मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहीत गेलो. मी फक्त पूर्णविराम दिले. एका वाक्याला मी अडखळलो. त्यात मॉनिटरबद्दल होते.

“हे काढू या का?”

“खरं आहे ते.”

“खरं आहे गं. पण तीही लहान आहे.”

“तिला सांग ना लहान आहे म्हणून.”

मी ते ठेवले. तिथे मी हट्ट धरायला हवा होता. वाद टाळायची माझी सवय इतकी जुनी आहे की मी तो चौथीतल्या मुलीशीही टाळतो.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहात घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पुढची रांग सोफ्यांची. झाड भिंतीवरून काढून स्टेजवर आणले होते. आणताना एक फांदी मोडली होती, ती चिकटपट्टीने जोडली होती. जवळून मी पहिल्यांदाच पाने वाचली. ‘मी भिंगरीला फळ्यावरचे वाचून दाखवले.’ ‘मी भिंगरीची चूक तिला सांगितली.’ ‘मी भिंगरीला पाणी पिताना धरले.’ मधल्या सुटीत मुले ही पाने मोठ्याने वाचत असत, हे मला भिंगरीने सांगितले होते. जे कालपर्यंत तोंडाने म्हणत होते ते आता सुवाच्य अक्षरांत, शाळेच्या डिंकाने, शाळेच्या भिंतीवर. पूर्वी ढ म्हणायला मुलांना निदान बाईंची नजर चुकवावी लागत होती.

सुरुवातीलाच मी मुख्याध्यापिकांना गाठले. “भिंगरीला स्टेजवर नको,” मी म्हणालो.

“काका, आता कार्यक्रमपत्रिका छापून झाली,” बाई म्हणाल्या आणि अध्यक्षांच्या खुर्चीवरची धूळ झटकायला निघून गेल्या.

म्हणजे आता उरला तो माइकच. पत्रिकेत आधी पालकांचे मनोगत होते आणि त्यानंतर झाडाखालचा कार्यक्रम. भिंगरीला पडद्याच्या कडेला उभे केले होते. तिच्या पुढे मॉनिटर, सोन्याच्या पानाची डबी हातात धरून. भिंगरीच्या एका बुटाची लेस सुटलेली होती.

माझे नाव पुकारले. मी माइकपाशी गेलो. हातातला कागद मी माइकला घासत होतो, आणि त्यातून तव्यावर काहीतरी परतल्यासारखा आवाज येऊ लागला. चष्म्यावर वाफ आली. “आदरणीय,” मी म्हणालो. पुढे आवाज फुटेना. पुन्हा म्हणालो, “आदरणीय.” मागे कोणीतरी खोकले. अध्यक्ष घड्याळाकडे बघत होते. मला निरोपसमारंभ आठवला. ‘आभार’ म्हणून खाली बसता येईल, हे इतके सोपे होते की मी मागे वळून माझी खुर्ची शोधू लागलो.

तेवढ्यात मॉनिटर पडद्याआडून पुढे आली. “आजोबा, मी वाचून दाखवते,” असे गोड आवाजात म्हणत तिने माझ्या हातातला कागद काढून घेतला.

विचारले नाही, काढून घेतला. वर्षभर तिला हेच तर शिकवले होते. समोर कोणी अडखळले की ती धावत सुटायची. टाळ्या पडल्या. हळूसरांनी छातीवर हात ठेवला. बाईंनी पाहुण्यांकडे अशा नजरेने पाहिले, की हे आम्ही मुद्दाम बसवले नाही, आमच्याकडे हे असे रोज होते. मी तिला थांबवू शकलो असतो. मी बाजूला सरकलो.

तिने कागद नाकासमोर धरला, पाय जुळवले, मान किंचित वर केली आणि खणखणीत सुरू केले:

“माझं नाव भिंगरी. मला वाचायला वेळ लागतो. बाकी कशाला लागत नाही.”

सभागृहात कौतुकाची हलकी लाट आली. तिने हवी तेवढी जागा सोडली, वक्तृत्वात शिकवतात तशी.

“माझी लेस रोज सुटते. ती सुटत नाही, सोडतात. मग बांधतात. मग भिंतीवर लिहितात की मी हिची लेस बांधली. माझी पेटी रोज हरवते. ती हरवत नाही. ज्याला ती सापडते त्याला ती कुठे आहे हे आधीच माहीत असतं.” इथे तिने उजवा हात पसरून पुढच्या रांगेकडे दाखवले. शब्द तिच्या तोंडातून जात होते, डोक्यातून नाही. जिच्या वाचनावर पदके मिळतात ती मुलगी ती होती. आणि जिला वाचता येत नाही असे शाळा म्हणते, तिने ही वाक्ये केली होती.

“मी जिना चढते तेव्हा दोघी मला धरतात. मला जिना चढता येतो. धरल्यावर येत नाही. वर्गात मी एक ओळ वाचायला घेतली की दोन शब्द झाले की सगळे ती ओळ म्हणून टाकतात. मला त्या ओळीचा शेवट कधी मिळत नाही.”

आता मागच्या खुर्च्यांवर बसलेली मुले गप्प झाली होती. मुलांना सगळ्यात आधी कळले. मुख्याध्यापिकांचे हसू चेहऱ्यावर तसेच होते, पण त्याच्या मागून त्या निघून गेल्या होत्या. तरी त्यांना उठता येईना. समोर एक मूल एका अडलेल्या म्हाताऱ्याला मदत करत होते. ती थांबवणार कशी?

“पूर्वी मला ढ म्हणायचे. ते मला आवडत नव्हतं. पण तेव्हा मला कोणी थँक्यू म्हणायला लावत नव्हतं.”

तिने पुढचे वाक्य त्याच जोरात उचलले.

“सगळ्यात जास्त पानं आमच्या मॉनिटरची आहेत. माझी पेटी तिच्या...”

तिचे डोळे पुढे गेले आणि आवाज मागे राहिला. पसरलेला हात तसाच हवेत होता. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मग गाल, मग मान. सभागृहातली एकूण एक मुले तिच्याकडे बघत होती. चष्मेवाली मुलगी हसली. हसणे मागे मागे सरकत गेले. तेच हसणे मी मागच्या वर्षी फाटकातून ऐकले होते. फक्त मुलगी बदलली होती. ते वाक्य खोडायचे धैर्य मला घरी झाले नाही, आणि त्याची किंमत आता एक नऊ-दहा वर्षांची पोर माइकसमोर देत होती. बाईंना, हळूसरांना, अध्यक्षांना अजून काहीच द्यावे लागले नव्हते.

पडद्याच्या कडेने आवाज आला, “ए. ते सोड. पुढचं वाच.”

भिंगरी होती. स्टेजवर आली नव्हती, होती तिथूनच बोलली होती. आवाजात दया नव्हती, राग होताच. पण वाट बघत होती ती. मॉनिटरला शब्द सापडेपर्यंत तिने दुसरे काही म्हटले नाही.

मॉनिटरने हात खाली घेतला. कागद जवळ धरला. या वेळी तिने बोट ठेवून वाचले, आणि माइकवरही जेमतेम ऐकू आले.

“मला झाडाखाली उभं राहायचं नाही. कोणाला मदत करायची असेल तर आधी मला विचारा. मी नाही म्हटलं तर निघून जा.”

अध्यक्षांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्यांनी मधला बराच वेळ मोबाइलमध्ये घालवला होता. “छान,” ते बाईंना म्हणाले, आणि त्यांच्यासमोरचा माइक चालू होता, “मुलीचे उच्चार किती स्पष्ट आहेत.” त्यांच्या मागोमाग पाहुण्यांनीही टाळ्या वाजवल्या. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार.

झाडाखालचा कार्यक्रम ‘वेळेअभावी’ रद्द झाल्याचे जाहीर झाले. शाळेला एखादी गोष्ट मान्य करायची नसली की वेळ कमी पडतो. सोन्याचे पान डबीतच राहिले. सुटी काढून आलेल्या आईबरोबर स्टेजच्या मागच्या पायऱ्या उतरताना भिंगरीने मला विचारले, “तू का नाही वाचलंस?”

“भीती वाटली.”

“हं,” ती म्हणाली. “मला वाटलंच.”

त्यानंतर शाळेने एक समिती नेमली. समितीने बैठका घेऊन ठरवले, की पानांवर मदत घेणाऱ्याचे नाव लिहू नये. वर्गात विशेष मित्र एकच असल्यामुळे याने काय फरक पडणार, हे समितीतल्या कोणाच्या लक्षात आले नाही. सगळे पदवीधर होते. पुढे अध्यक्षांच्या कारखान्यातून आकाशी रंग आला, भिंत आकाशी झाली, आणि त्या निमित्ताने झाड माळ्यावर गेले. अजून तिथेच आहे. फेकून दिले तर चूक झाली होती असे होईल.

हळूसर मला एकदा फाटकाशी भेटले. माझा हात दोन्ही हातांत घेऊन ते सावकाश म्हणाले, “काका, भिंगरीचा सुप्त गुण सापडला. नेतृत्व.”

मी म्हणालो, “बरं.”

भिंगरीची कंपासपेटी कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी तिच्या बाकावर होती. ती कोणाला सापडली नव्हती, कोणी शोधली नव्हती. होती, एवढेच. वर्गात सगळे गोड झाले असे नाही. चष्मेवाली अजून मधूनच तिच्या ओळी पुऱ्या करते, आणि भिंगरी तिला आता पुन्हा ढकलते. बाईंकडून त्यासाठी बोलणी खाते आणि घरी येऊन रुबाबात सांगते. ‘ढ’ही एकदोनदा ऐकू आला आहे. पण ती शाळेत जाते. सकाळी बूट घालताना लेस कापून मागत नाही.

परवा शाळा सुटल्यावर ती फाटकाशी आली तेव्हा तिची लेस सुटली होती. या वेळी आपली आपणच. मी सवयीने वाकलो. गुडघे कुरकुरले, हात लेसपर्यंत पोचला.

“आबा, विचारलंस?”

मी हात मागे घेतला. “बांधू का?”

“नको.”

ती फाटकाच्या मधोमध खाली बसली. तिची पद्धत वेगळी आहे. दोन कान करते, ते एकमेकांवरून नेते, एक निसटतो, पुन्हा करते. मुलांचा लोंढा दोन्ही बाजूंनी वाट काढत चालला होता. कोणाचे तरी वडील “बाजूला घ्या हो तिला” म्हणाले. मी घेतले नाही. मीही तिथेच उभा राहिलो, वाटेत, सगळ्यांची अडचण करून. एवढे मला जमते.

मॉनिटर आली आणि थांबली. दोन्ही हात तिने पाठीमागे धरले होते, एकात दुसरा घट्ट. तिने गाठीकडे वाकून पाहिले.

“उलटी बसतेय ती.”

“माहीत आहे,” भिंगरी म्हणाली.

मॉनिटर आणखी थोडा वेळ उभी राहिली. मग “बरं” म्हणाली आणि निघून गेली.